प्रतिध्वनी: आधी टाळला, मग सोसला, आता कामाला लावला

कौलांवर अँटेना असायची त्या काळात गोव्यातल्या पुष्कळ घरांत दूरदर्शनचं चित्र दुहेरी दिसे. बातम्या देणाऱ्याच्या उजव्या खांद्याशेजारी त्याचीच फिकट सावली. कोणीतरी वर चढून अँटेना फिरवी आणि खालून हाक जाई, "आलं, आलं, थांब!" एक लहर मनोऱ्यावरून थेट घरी येई, दुसरी डोंगरावर आपटून उशिरा, प्रतिध्वनीसारखी. रेडिओलहर मायक्रोसेकंदाला 300 मीटर जाते. वळसा 600 मीटरचा असेल, तर उशीर 2 मायक्रोसेकंदांचा. आपल्या जुन्या टीव्हीत एका ओळीतलं चित्र 52 मायक्रोसेकंदांत रेखलं जाई, म्हणून 20 इंची पडद्यावर सावली सुमारे दीड सेंटिमीटर सरके. पट्टी लावून त्या वळशाची लांबी काढता आली असती.

डोळे ती सावली चालवून घेत. आकड्यांत बोलणाऱ्या यंत्रांना ते जमत नाही. सेकंदाला दहा लाख चिन्हं (माहितीचे छोटे तुकडे) पाठवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला 1 मायक्रोसेकंद येतो आणि डोंगरावरून परतलेलं पहिलं चिन्ह थेट तिसऱ्यावर जाऊन बसतं. वेग वाढवावा तितका गोंधळ वाढतो. पुढची सगळी धडपड या अडचणीतून निघाली.

त्याआधीची लढाई परक्या लहरींशी होती. 1942 मध्ये अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना टॉर्पेडोच्या नियंत्रणासाठी एक पेटंट मिळालं. पाठवणारा आणि ऐकणारा दोघांनी ठरल्या क्रमाने 88 वारंवारितांवर उड्या मारायच्या, म्हणजे शत्रूला नेमकी कुठे अडवणूक करावी ते कळू नये. वाय-फाय त्यांनी शोधलं असं सर्रास लिहिलं जातं, ते मात्र ओढूनताणून आहे. उड्या मारणं ही ब्लूटूथची रीत: 79 वाहिन्यांवर सेकंदाला 1600 उड्या. एखादी वाहिनी गजबजलेली निघाली तर तेवढाच तुकडा बिघडतो.

प्रतिध्वनीकडे शत्रू म्हणून न पाहण्याची पहिली मोठी पायरी 1958 सालची. अमेरिकेत प्राइस आणि ग्रीन यांनी 'रेक' नावाचा ग्राहक, म्हणजे लहरी पकडणारा संच, मांडला. तो उशिरा आलेल्या प्रती वेगवेगळ्या पकडतो, त्यांचा उशीर जुळवतो आणि बेरीज करतो. सीडीएमए या जुन्या पद्धतीच्या मोबाइल फोनांत पुढे हीच युक्ती आली.

आजच्या 4जीची वाट वेगळी. 1966 मध्ये बेल लॅब्जच्या रॉबर्ट चँग यांनी एका वेगवान प्रवाहाऐवजी अनेक संथ प्रवाह शेजारी शेजारी, एकमेकांना न अडवता पाठवण्याचं गणित मांडलं. प्रवाह संथ झाला की प्रत्येक चिन्ह लांब होतं: 4जीत 66.7 मायक्रोसेकंद. 1971 मध्ये वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी ढीगभर ऑसिलेटरांचं (लहरी निर्माण करणाऱ्या मंडलांचं) काम फूरिये गणितावर, म्हणजे लहरींची जोडणी-फोड करणाऱ्या गणितावर, सोपवलं आणि चिन्हांच्या मध्ये मोकळी जागा सोडली. डोंगरपायथ्याच्या जत्रेत कर्ण्यावरून घोषणा करणारा दोन शब्दांमध्ये थांबतो, तशी ही जागा. पण नुसत्या शांततेमुळे संथ प्रवाह एकमेकांत मिसळू लागत. 1980 मध्ये पेलेड आणि रुइझ यांनी त्या जागेत चिन्हाच्याच शेपटीची नक्कल भरली. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत देखणी कल्पना वाटते. चिन्ह गोल फिरल्यासारखं होतं, त्यामुळे प्रतिध्वनीने प्रत्येक प्रवाहाची फक्त तीव्रता आणि कला (लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) बदलते. तेवढं दुरुस्त करायला एक गुणाकार पुरतो.

4जीत ही नक्कल साधारण 4.7 मायक्रोसेकंदांची, म्हणजे 1.4 किलोमीटरचा वळसा खपतो. मांडवीपलीकडच्या पर्वरीच्या पठारावरून परतणाऱ्या लहरीला बहुतेक वेळा तेवढं पुरावं. सत्तरीतल्या घाटाच्या खोऱ्यांसारख्या जागी वळसे आणखी लांब असू शकतात. त्यासाठी 16.7 मायक्रोसेकंदांचा लांब पर्यायही मानकात ठेवलेला आहे. किंमत म्हणून नेहमीच्या मांडणीत सुमारे 7 टक्के वेळ या नकलेतच जातो.

यापुढची झेप आपल्या माणसांची. भारतीय नौदलात सोनारवर, म्हणजे आवाजाने पाण्याखालचा वेध घेणाऱ्या यंत्रणेवर, काम केलेले आरोग्यस्वामी पॉलराज स्टॅनफर्डला गेले. तिथे त्यांनी पुण्यात जन्मलेल्या आणि तिथेच अभियांत्रिकी शिकलेल्या थॉमस कैलाथ यांच्यासह 1992 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते 1994 मध्ये मिळालं. अनेक अँटेनांवरून एकाच वारंवारितेत वेगवेगळी माहिती सोडायची आणि ती वेगवेगळ्या वाटांनी आली म्हणूनच वेगळी ओळखायची. इथे डोंगर, भिंती, पाणी हे सगळं उपयोगी. मनोरा समोर स्वच्छ दिसतो अशा मोकळ्या किनाऱ्यावर सिग्नलच्या काड्या पूर्ण भरतात, पण वाटा जवळजवळ सारख्याच असल्याने जास्त प्रवाह वेगळे काढणं फोनला अवघड जातं. पणजीतल्या फोंतेनाशच्या गल्लीत, भिंतीभिंतींवरून लहरी परततात तिथे, ते सोपं होतं.