कोडाईकनालचा कारखाना रॅपने बंद पाडला?

'एका तरुणीने रॅप गायलं आणि कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना बंद पडला' ही गोष्ट समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षं फिरते आहे. ऐकायला झकास, पण तारखा जुळत नाहीत.

सोफिया अश्रफचं 'कोडाईकनाल वोन्ट' आलं जुलै 2015 मध्ये. हिंदुस्थान लिव्हरचा (आजचं हिंदुस्थान युनिलिव्हर) तो कारखाना मार्च 2001 मध्येच बंद झाला होता. तोही गाण्याविना! पारा लागलेल्या काचेचा ढीग गावातल्या भंगारवाल्याकडे सापडला, स्थानिक लोक आणि पर्यावरणवादी संघटना रस्त्यावर उतरल्या. 2003 मध्ये पारायुक्त कचरा अमेरिकेला परत पाठवावा लागला, सुमारे 290 टन. माजी कामगार 2006 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेले. (पाऱ्यामुळे कामगारांच्या आरोग्यावर परिणाम झाला, हे कंपनीने कधीच मान्य केलं नाही.)

मग गाण्याने काय केलं? निकी मिनाजच्या गाजलेल्या चालीवर बेतलेलं ते रॅप लाखो लोकांनी पाहिलं आणि अडगळीत पडलेला प्रश्न पुन्हा बातम्यांत आला. मार्च 2016 मध्ये कंपनीने 591 माजी कामगारांशी समझोता केला. त्यात गाण्याने वाढवलेल्या दबावाचा वाटा होता, असं मला वाटतं. पण सगळं श्रेय त्यालाच दिलं, तर दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे कामगार गोष्टीतून गायबच होतात.

शिवाय समझोता झाला तो कामगारांशी. जमिनीतल्या पाऱ्याचा प्रश्न त्याने सुटला नाही, म्हणून तर 2018 मध्ये कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णांना सोबत घेऊन सोफियाला दुसरं गाणं करावं लागलं.