साथीच्या प्रारंभीची लोकप्रतिक्रिया (गोवा, २०२०)

साथ गावात येण्याआधी आणि आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लोक काय साठवतात, काय टाळतात, कुणाला दूर ठेवतात आणि कशावर विश्वास ठेवतात, या सगळ्याला मिळून साथीच्या प्रारंभीची लोकप्रतिक्रिया म्हणतात. कोविड-१९ च्या बाबतीत गोव्यात हा काळ जानेवारी २०२० च्या अखेरीपासून २२ जून २०२० पर्यंतचा धरता येतो. त्या दिवशी राज्यातला पहिला कोविड मृत्यू नोंदला गेला.

या पाच महिन्यांत गोव्यातल्या भीतीचा चढउतार रुग्णसंख्येशी जुळत नाही. पहिला रुग्ण सापडण्याआधीच दुकानांवर झुंबड उडाली होती, आणि सगळे रुग्ण बरे होऊन घरी गेल्यावर गावांच्या वाटा अडवल्या जात होत्या. लोकांना ज्या गोष्टीची खात्री नव्हती, तिच्यामागे भीती गेली. आधी प्रश्न होता तांदूळ मिळतील का, मग बाहेरून कोण आले, आणि शेवटी आपल्या वाड्यात, म्हणजे गावातल्या वस्तीत, कुणाला रोग झाला.

जुनी आठवण

साथीची धास्ती गोव्याला नवी नाही. १५४३ मध्ये गोवा शहरात जुलाब-वांतीची जीवघेणी साथ आली होती. पोर्तुगीज लेखक त्या रोगाला ‘मोर्देशीं’ म्हणत; हा शब्द मराठी-कोकणीतल्या ‘मोडशी’वरून घेतलेला आहे. गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले. पुढे साथींनी पोखरलेले जुने शहर रिकामे होत गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयचे निवासस्थान पणजीला हलले आणि १८४३ मध्ये राजधानीचा दर्जाही पणजीला मिळाला. रोगट जागा सोडून दूर जायचे, ही सवय इथे फार जुनी आहे. गावात अरिष्ट आले की ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालण्याची रीतही तशीच जुनी. २०२० मध्ये देवळे भाविकांसाठी बंद झाली तेव्हा अनेक ठिकाणी पुजाऱ्याची नित्यपूजा तेवढी चालू राहिली.

रुग्ण नसतानाचे आठवडे

भारतातला पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये सापडला. गोव्यात हे पर्यटनाच्या भर हंगामाचे दिवस. त्यामुळे पहिली नजर दाबोळी विमानतळावर आणि किनाऱ्यावरच्या परदेशी पाहुण्यांवर गेली. दुसरी काळजी घरातली होती. सासष्टी, मुरगाव, बार्देशमधली असंख्य घरे तारवट्यांच्या, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या पगारावर चालतात. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे साथ पसरलेले प्रवासी जहाज अडकले तेव्हा बाकीच्या देशाला ती परदेशातली बातमी वाटली. इथे ‘आपला माणूस कुठल्या जहाजावर आहे’ हा प्रश्न घरोघर विचारला गेला. एप्रिलमध्ये जहाजे मुंबईपर्यंत आली तरी उतरण्याची परवानगी मिळेना, तेव्हा हीच कुटुंबे सरकारकडे दाद मागत होती. एकाच वाड्यात एका घराला ‘परदेशातून कुणी येऊ नये’ असे वाटत होते आणि शेजारच्या घराला आपला मुलगा लवकर यावा असे वाटत होते. गोव्यातल्या प्रतिक्रियेचा हा पीळ लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही.

याच सुमारास कोंबडीच्या मांसातून विषाणू पसरतो ही अफवा देशभर फिरली आणि कोंबडीचे भाव कोसळले. विषाणू श्वासावाटे, बोलताना-खोकताना उडणाऱ्या थेंबांतून आणि हवेत राहणाऱ्या सूक्ष्म कणांतून पसरतो. शिजवलेल्या मांसाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

१४ मार्चच्या मध्यरात्रीपासून गोव्यातले कॅसिनो, शाळा, सिनेमागृहे, व्यायामशाळा आणि तरणतलाव बंद झाले. २२ मार्चला व्हायची जिल्हा पंचायत निवडणूक पुढे ढकलली गेली. ती १२ डिसेंबरला झाली.

२२ मार्चनंतरची झुंबड

२२ मार्चचा जनता कर्फ्यू लोकांनी मनापासून पाळला. संध्याकाळी पाचला थाळ्या, टाळ्या, घंटा वाजल्या. एका दिवसासाठी घरात बसायचे आहे अशाच समजुतीने लोकांनी तयारी केली होती. मग राज्य सरकारने संचारबंदी आणखी तीन दिवस वाढवली, आणि ती संपता संपता २५ मार्चपासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी लागू झाली. गोव्यात सुरुवातीला किराणा दुकानेही बंद ठेवून घरपोच पुरवठ्याची कल्पना मांडली गेली. ती पेलली नाही. पंचायतींकडे ना वाहने होती, ना कुठल्या घरात किती माणसे याच्या याद्या, ना घाऊक माल. मार्च संपण्याआधी दुकाने उघडू द्यावी लागली.

गोव्याचा भाजीपाला बेळगावहून चोर्ला आणि अनमोड घाटातून येतो. दुधाचा मोठा वाटा कर्नाटक आणि महाराष्ट्रातून. घाटावर गाड्या अडल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी फलोत्पादन महामंडळाचा भाजीचा गाडा रिकामा दिसतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. त्यात पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजला नाही, तर त्याचा धक्का वेगळाच. दारात पाव येणे ही इथे रोज सगळे ठीक असल्याची खूण आहे.

दुकानांसमोरच्या त्या गर्दीला अनेकांनी ‘लोकांची हाव’ म्हटले. ते अन्यायाचे होते. हिशेब साधा आहे. एका भुसारी दुकानावर ३०० कुटुंबे अवलंबून आहेत, प्रत्येक गिऱ्हाइकाला चार मिनिटे लागतात आणि सामान काढून देणारी दोन माणसे आहेत असे धरू. सगळ्यांना सामान द्यायला दहा तास हवेत. दुकान तीनच तास उघडले तर ९० जणांचे काम होते. उरलेले २१० उद्या आणखी लवकर येतात आणि दुप्पट घेऊ पाहतात. वेळ जितकी कमी, तितकी गर्दी दाट. जिथे दुकान दिवसभर उघडे राहिले, वाड्यानुसार वेळा ठरल्या, किंवा आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर यादी घेऊन पिशव्या भरून ठेवल्या गेल्या, तिथे रांग दोन-तीन दिवसांत विरळ झाली.

दुकानासमोर चुन्याने वर्तुळे आखण्याची युक्ती याच दिवसांतली. ती पायरीपर्यंत चालायची आणि गल्ल्याशी मोडायची. रांगेत एक मीटर अंतर ठेवणारी माणसे पैसे देताना एकाच फळीवर कोपर टेकून उभी राहत. वर्तुळांपेक्षा दुकानाच्या दारात आडवे टेबल लावून गिऱ्हाइकाला बाहेरच ठेवणे जास्त उपयोगी पडले.

सॅनिटायझर, हुर्राक आणि ब्लीचिंग पावडर

मास्क आणि सॅनिटायझर मार्चच्या मध्यापर्यंत औषधदुकानांतून नाहीसे झाले. केंद्राने १३ मार्चला दोन्ही वस्तू जीवनावश्यक ठरवल्या. २१ मार्चपासून दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १० रुपये आणि २०० मिलिलीटर सॅनिटायझर १०० रुपये अशी कमाल किंमत ठरली.

मार्च-एप्रिल म्हणजे गोव्यात काजूचा हंगाम, भट्ट्या पेटलेल्या. दारू प्यायल्याने विषाणू मरतो, किंवा फेणीने हात धुतले तर चालते, अशा समजुती पसरायला वेळ लागला नाही. काजूच्या आंबवलेल्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून निघणाऱ्या हुर्राकात मद्यार्क साधारण १५ टक्के असतो, फेणीत ४० ते ४५ टक्के. हातावरचा विषाणू नष्ट करायला किमान ६० टक्के लागतो. म्हणजे फेणी हाताला चोळून फक्त वास येतो. प्यालेला मद्यार्क तर रक्तात मिसळून इतका विरळ होतो की विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीनुसार दहा लिटर सॅनिटायझरला ९६ टक्के इथेनॉल ८,३३३ मिलिलीटर, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलीटर, ९८ टक्के ग्लिसरीन १४५ मिलिलीटर आणि बाकी उकळून गार केलेले पाणी लागते. पेरॉक्साइड बाटलीतल्या जिवाणूंच्या बीजाणूंसाठी असते, हातासाठी नव्हे. म्हणून भरल्यावर बाटल्या ७२ तास ठेवून मगच वापरायच्या. घरात साबण असताना याची गरज नव्हती. साबण विषाणूचे स्निग्ध आवरणच फोडतो. २० सेकंद चोळायला मात्र हवे.

मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत टिकलेला आढळला. ही माहिती घराघरांत पोहोचली ती भाजी साबणाने धुण्याच्या रूपात. साबण पालेभाजीच्या पानांत राहतो आणि पोट बिघडवतो. साधे वाहते पाणी पुरे होते.

पंचायती आणि स्वयंसेवकांनी रस्त्यांवर ब्लीचिंग पावडरचे पाणी फवारले. दाराची कडी, बसचा दांडा, गल्ल्याची फळी पुसायला हे पाणी उपयोगी आहे. डांबरावर फवारून ते वाया जाते. पावडरीत ३० टक्के क्लोरीन असेल तर एका लिटर पाण्यात ३३ ग्रॅम घातल्यावर एक टक्क्याचे द्रावण होते. चूक बहुतेक साठवणीत होते. दमट हवेत उघड्या राहिलेल्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो, वास राहतो पण ताकद राहत नाही. संडास साफ करण्याच्या आम्लात हे पाणी मिसळले तर विषारी वायू सुटतो. बाहेरून आलेल्या माणसांच्या अंगावर फवारणीचे प्रकार देशात ठिकठिकाणी घडले. १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते करू नये असे लेखी बजावले.

मास्कचे वेगळेच. एप्रिलच्या उकाड्यात घामाने भिजलेला कापडी मास्क श्वास अडवतो, माणूस तो हनुवटीवर ओढतो, आणि नेमका बोलायच्या वेळी ओढतो. दिवसाला दोन मास्क आणि ओला झालेला ठेवायला वेगळी पिशवी, एवढ्यानेच हा प्रश्न सुटत असे.

पहिले रुग्ण, मग शून्य

२५ मार्चला गोव्यात पहिले तीन रुग्ण जाहीर झाले, तिघेही स्पेन, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका इथून आलेले. तोवर नमुने तपासणीसाठी राज्याबाहेर पाठवावे लागत. नौदलाच्या डॉर्नियर विमानाने बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे पथक प्रशिक्षणासाठी पुण्याला नेले, आणि लवकरच बांबोळीत चाचण्या सुरू झाल्या. मडगावचे ईएसआय इस्पितळ कोविडसाठी राखून ठेवले गेले. निकाल दोन दिवसांऐवजी काही तासांत मिळू लागला तसे अफवांचे आयुष्यही तेवढेच कमी झाले. लोकांची मने शांत करण्यात या प्रयोगशाळेइतका वाटा दुसऱ्या कशाचा नाही.

रुग्ण सातवर थांबले. १९ एप्रिलला सातवाही बरा झाला आणि दोन्ही जिल्हे हरित क्षेत्र ठरले. इथून भीतीने दिशा बदलली. ‘आपण स्वच्छ आहोत, रोग भायल्यांकडून (बाहेरच्यांकडून) येणार’ ही भावना पक्की झाली. पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले आणि पोळे हे सीमेवरचे नाके रोजच्या बोलण्यात आले. काही गावांनी वेशीवर बांबू आणि चिरे टाकले. अशा अडथळ्याने विषाणू अडत नाही, पण १०८ ची रुग्णवाहिका अडते. म्हणून अडथळा घालायचाच तर तो एका माणसाला हलवता येईल असा हवा आणि रात्रीही तिथे कुणीतरी हवे.

या नाक्यांचा सर्वांत मोठा त्रास सिंधुदुर्गाला झाला. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची मुले गोव्यात कामाला, आणि मोठ्या आजाराला इस्पितळ म्हणजे बांबोळीच. सीमा नकाशावर होती, रोजच्या जगण्यात ती कधी नव्हतीच.

मेच्या मध्यात बाहेरून आलेल्या प्रवाशांमध्ये पुन्हा रुग्ण सापडू लागले. दिल्लीहून येणाऱ्या राजधानी एक्स्प्रेसचा मडगावचा थांबा रद्द करावा अशी मागणी जोर धरून उठली. आलेल्यांना घरी विलग राहायला सांगितले जाई. शेजारी त्या घरावर लक्ष ठेवत. पहिल्या दिवसाची चाचणी निगेटिव्ह आली की माणूस मोकळा, हा त्यातला सर्वांत घातक गैरसमज होता. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला २ ते १४ दिवस लागतात, बहुधा पाचेक. लागण झाल्या झाल्या नाकात सापडण्याइतका विषाणू नसतो. चौदा दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी, खिडकी उघडी, आणि न्हाणीघर एकच असेल तर त्याने सगळ्यात शेवटी वापरायचे, ही पद्धत घरच्यांना समजावून सांगितली तिथे ती पाळलीही गेली. नुसता हुकूम मिळाला तिथे माणूस चौथ्या दिवशी मासळी आणायला बाहेर पडला.

मांगूर हिल

१ जूनला वास्कोतील मांगूर हिल प्रतिबंधित क्षेत्र जाहीर झाले. बाहेरून न आलेल्या लोकांत साथ पसरल्याचे गोव्याने पहिल्यांदा इथे पाहिले. दाटीची वस्ती, एका भिंतीची घरे. ‘खोलीत वेगळे राहा’ हा सल्ला इथे लागूच पडत नव्हता. वास्को बंद करावे अशी मागणी झाली, पत्ता मांगूर हिल आहे एवढ्यावरून माणसांना कामावर येऊ नका म्हटले गेले. याचा थेट परिणाम चाचण्यांवर होतो. निदान झाले तर रोजगार जाणार, शेजार तुटणार असे दिसले की ताप आलेला माणूस गोळी घेऊन गप्प बसतो आणि इस्पितळात उशिरा पोहोचतो. कुणाची चाचणी झाली याची नावे समाजमाध्यमांवर फिरवणाऱ्यांनी साथ लांबवायला हातभार लावला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

जून संपेपर्यंत रुग्ण सगळ्या तालुक्यांत दिसू लागले आणि नाक्यांविषयीचे वाद मागे पडले. पुढे सौम्य रुग्णांना घरी राहायची मुभा मिळाली आणि घरोघर ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचे यंत्र, पोहोचले. आता लोकांचे लक्ष बोटावरच्या आकड्याकडे लागले. ते यंत्रही नीट वापरावे लागते. नखाला रंग नको, बोट गार नको, हात छातीच्या पातळीवर स्थिर, आणि आकडा मिनिटभर एका जागी ठरेपर्यंत तो वहीत लिहायचा नाही. ९४ च्या खाली तो टिकून राहिला तर १०८ ला फोन.