लकवा, कबुतर आणि मेंदूतली जागा

लकव्याच्या रुग्णाला भेटायला आलेल्यांपैकी कुणी ना कुणी हसऱ्या चेहऱ्याचा पिवळा चेंडू आणतोच. "काका, बसल्या बसल्या दाबत राहायचं, हातात जोर येईल." सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो, चेंडूही स्वस्तातला असतो. पण गोम अशी की पुष्कळदा अशा हाताला दाबण्याची अडचण नसतेच. मूठ आवळण्याची हालचाल तुलनेने लवकर परत येते. अडतं ते मूठ उघडण्यापाशी. पेला धरता येतो, टेबलावर टेकवताही येतो, पण सोडायच्या वेळी बोटं उघडत नाहीत. मग दुसऱ्या हाताने एकेक बोट उचलून तो पेला सोडवावा लागतो. दिवसभर चेंडू दाबणारा माणूस जे येतंय त्याचाच सराव करत बसतो.

या चेंडूमागची समजूत अशी, की लकव्यात हात अशक्त होतो. म्हणजे मग ताकद, तेल, मालिश. वास्तविक स्ट्रोकच्या, म्हणजे लकवा आणणाऱ्या मेंदूच्या झटक्याच्या, दुसऱ्या दिवशी हाताचे स्नायू जवळपास आदल्या दिवशी होते तसेच असतात. (महिनोन्‌महिने पडून राहिल्यावर ते वाळतात, ती पुढची गोष्ट.) बिघाड वर झालेला असतो. मेंदूची एखादी रक्तवाहिनी गुठळीने तुंबली किंवा फुटली, की त्या रक्तावर जगणाऱ्या पेशी काही मिनिटांत मरू लागतात. मेंदूच्या पृष्ठभागावर एका कानाच्या वरून दुसऱ्या कानाच्या वरपर्यंत जाणारी हालचालींची पट्टी असते. तिच्यात पाय, धड, हात, बोटं, चेहरा यांचे भाग ओळीने असतात, आणि डाव्या बाजूची पट्टी शरीराची उजवी बाजू हलवते. एवढं शाळेत होऊन गेलेलं आहे. शाळेत न सांगितलेली गोष्ट ही, की या पट्टीवरच्या हद्दी पक्क्या नसतात. स्ट्रोकनंतरचं सगळं पुनर्वसन या एका गोष्टीवर उभं आहे, आणि मला सांगायचंय तेही तेवढंच.

सुरुवात माकडांपासून करावी लागते. एडवर्ड टॉब हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ माकडांच्या एका हाताकडून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदनेच्या नसा मज्जारज्जूपाशी कापत असे. हात हलवणाऱ्या नसा तो शाबूत ठेवी. तरीही माकड तो हात वापरणं सोडून देई. संवेदना नसेल तर हालचाल होत नाही, असा निष्कर्ष शेरिंग्टनसारख्या मज्जासंस्थेच्या अभ्यासातल्या दिग्गजाने १८९५ मध्येच काढून ठेवला होता. टॉबने वेगळं करून पाहिलं. त्याने माकडाचा चांगला हात बांधला. झालं, माकड 'मेलेल्या' हाताने खाणं उचलायला लागलं! बांधलेला हात एखाद्या दिवसात सोडला तर ते पुन्हा जुन्या सवयीवर जाई. काही दिवस बांधून ठेवला, तर मात्र सोडल्यानंतरही दोन्ही हात वापरात राहत.

टॉबचं स्पष्टीकरण असं होतं: शस्त्रक्रियेनंतर लगेच मज्जारज्जूला धक्का बसलेला असतो, तेव्हा हात खरंच हलत नाही. माकड प्रयत्न करतं, घास पडतो, तोल जातो. दहादा फजिती झाल्यावर ते त्या हाताचा नाद सोडतं. पुढे धक्का ओसरून क्षमता परत येते, पण त्याला पत्ताच लागत नाही, कारण प्रयत्न केव्हाच थांबलेले असतात. स्ट्रोकच्या रुग्णात नेमकं असंच घडतं. डॉक्टर "उचला" म्हणाले की हात उचलला जातो, आणि घरी शर्टाची बटणं लावताना तोच हात मांडीवर पडून असतो. (टॉबची ही माकडं पुढे वेगळ्याच कारणाने गाजली. १९८१ मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या त्याच्या प्रयोगशाळेवर पोलिसांची धाड पडली आणि माकडांच्या हालांवरून खटला उभा राहिला. दोषसिद्धी अपिलात रद्द झाली, तरी प्राण्यांवरच्या प्रयोगांचे नियम त्यानंतर कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते.)

आता माझा सर्वांत आवडता प्रयोग. १९९६ मध्ये रँडॉल्फ नूडो आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये तो प्रसिद्ध केला. दक्षिण अमेरिकेतल्या चिमुकल्या स्क्विरल माकडांच्या हालचालींच्या पट्टीत केसासारख्या बारीक विद्युदग्राने एकेका बिंदूला अगदी क्षीण प्रवाह द्यायचा आणि शरीराचा कोणता भाग हलतो ते टिपायचं. इथे अंगठा, जरा बाजूला मनगट, त्यापलीकडे कोपर. असे शेकडो बिंदू जोडले की हाताचा नकाशा तयार होतो. मग त्या नकाशाच्या एका छोट्या तुकड्याचा रक्तपुरवठा तोडायचा, म्हणजे मुद्दाम घडवलेला स्ट्रोक.

काही माकडांना तसंच सोडून दिलं. काही आठवड्यांनी पुन्हा नकाशा काढला तेव्हा दिसलं, की मेलेला तुकडा तर गेलाच, पण त्याच्या शेजारचा, रक्तपुरवठा शाबूत असलेला हाताचा भागही आक्रसलाय. तिथे करंट दिला की बोटांऐवजी कोपर किंवा खांदा हलत होता. आपल्या एसटीत रुमाल न टाकता उठलेल्या माणसाच्या सीटचं जे होतं, तेच. दुसऱ्या गटातल्या माकडांच्या चांगल्या हातावर बंद बाही चढवली आणि त्यांच्यापुढे खळगे असलेली फळी ठेवली. प्रत्येक खळग्यात खाऊची गोळी. मोठ्या खळग्यात सगळी बोटं जातात, सर्वांत लहान खळग्यात एखाददुसरंच. रोज शेकडो वेळा गोळी काढायची. या माकडांत हाताचा उरलेला भाग टिकला. काहींत तर तो कोपर-खांद्याच्या हद्दीत शिरला! मेलेल्या पेशी जिवंत झाल्या नाहीत, होतही नाहीत. शेजारच्या पेशींनी काम उचललं, कारण रोज काम समोर येत होतं.

याच्याही खाली एक थर आहे. मेंदूत पेशींना चेतवणारी रसायनं असतात तशी आवरणारीही असतात, आणि त्यांतलं प्रमुख म्हणजे गाबा. दोन पेशींच्या जोडापाशी गाबा क्षणभर काम करतं, पण जोडाबाहेर पसरलेलं थोडंसं गाबा तिथल्या ग्राहींवर (पेशीवरच्या रसायन पकडणाऱ्या जागांवर) सतत बसून पेशीला कायम जरा दाबून ठेवतं. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या थॉमस कारमायकेल यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांत दाखवलं, की स्ट्रोकनंतर मेलेल्या भागाच्या शेजारी हे दाबून ठेवणं वाढतं, कारण सांडलेलं गाबा गोळा करणारे वाहक नीट चालत नाहीत. 'अल्फा-५' उपघटक असलेल्या गाबा-ग्राहींना अडवणारं रसायन तिसऱ्या दिवसापासून दिलं तर उंदरांचा पंजा अधिक सुधारला. तेच रसायन स्ट्रोक होताक्षणी दिलं तेव्हा मेलेला भाग उलट मोठा झाला. म्हणजे सुरुवातीच्या काळात हे दडपण मेंदूचं रक्षण करतं आणि नंतर तेच आड येतं. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर खुशाल सोडा. वेळ साधावी लागते, एवढं त्यातलं पुढे लागेल.

टॉबची युक्ती माणसांवर रीतसर तपासली गेली ती 'एक्साइट' या अमेरिकन चाचणीत. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. स्ट्रोकला ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण निवडले होते. ज्यांना उपचार मिळाला त्यांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ, जाडसर मोजा चढवलेला, आणि कामाच्या दिवशी सहा तासांपर्यंत बाधित हाताचा सराव. वर्षभरानंतरही त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सरस होता. अट मात्र महत्त्वाची: मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी मागे उचलता आली पाहिजेत. ज्यांचा हात अजिबात हलत नाही त्यांच्यासाठी हा उपचार नाही. यश मोज्याचं किती आणि तासांचं किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. माझं मत तासांच्या बाजूने.

तासांपेक्षाही, हालचाल किती वेळा झाली त्या आकड्याच्या बाजूने म्हणेन. अमेरिकेत कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी फिजिओथेरपीच्या सत्रांत बसून चक्क मोजलं. २००९ मध्ये त्यांनी आकडा दिला: ज्या सत्रांत हाताच्या कामाचा सराव झाला, तिथे तो सरासरी ३२ वेळा झाला. प्राण्यांच्या प्रयोगांत हाच आकडा दिवसाला ४०० ते ६०० असतो. बाकीचा वेळ उठवण्यात, बसवण्यात, सांधे मोकळे करण्यात जातो. तेही लागतंच, पण त्याने नकाशा हलत नाही.

लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात याच्या उलट टोकाचा कार्यक्रम चालतो. तीन आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज सहा तास, मिळून ९० तास. २०१९ मध्ये त्यांनी २२४ रुग्णांचे निष्कर्ष दिले. यातल्या बहुतेकांच्या स्ट्रोकला सहा महिन्यांहून कितीतरी जास्त काळ लोटला होता, तरी सुधारणा दिसली आणि सहा महिन्यांनीही टिकून होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता ही उणीव आहेच. तरी "सहा महिन्यांनंतर काही होत नाही" हे वाक्य यापुढे जपून वापरलेलं बरं.

अशा कार्यक्रमांत प्रगती 'बरं वाटतंय' यावर ठरत नाही. एक चाचणी अगदी साधी आहे. मधे आडवी फळी असलेली लाकडी पेटी, एका कप्प्यात अडीच सेंटिमीटरचे ठोकळे. ६० सेकंदांत एकेक ठोकळा उचलून फळीवरून पलीकडे टाकायचा. निरोगी माणूस साठ-सत्तर सहज टाकतो. रुग्ण चार टाकतो, आणि त्यातला वेळ उचलण्यात जात नाही, फळीपलीकडे गेल्यावर सोडण्यात जातो. पुढच्या आठवड्यात चाराचे सात झाले तर कागदावर सात लिहिलं जातं.

मग पहिल्या दिवसापासूनच घाम गाळावा का? ऑस्ट्रेलियात आखलेल्या 'अव्हर्ट' या चाचणीने हे पाच देशांतल्या २१०४ रुग्णांवर तपासलं. २४ तासांच्या आत, वारंवार आणि जास्त वेळ अंथरुणाबाहेर काढलेल्यांपैकी ४६ टक्के तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते, नेहमीच्या पद्धतीने हाताळलेल्यांपैकी ५० टक्के. घाई थोडी महागात पडली. वरच्या उंदरांचा याच्याशी थेट संबंध सिद्ध झालेला नाही, पण मला ते आठवतात खरे.

आता कबुतर. लकव्यावर कबुतराचं रक्त चोळणं आपल्याकडे अजून चालतं आणि 'गुण आला' म्हणणारेही भेटतात. पहिल्या काही आठवड्यांत मेंदूची सूज उतरते, तात्पुरते बंद पडलेले भाग जागे होतात आणि बहुतेक रुग्ण काही प्रमाणात आपोआप सुधारतात. त्या वेळी जे चोळलं असेल त्याला श्रेय मिळतं. चेहऱ्याच्या नसेचा लकवा, म्हणजे बेल्स पाल्सी, तर दहापैकी सात जणांत काही न करताही पूर्ण बरा होतो. बाबा-बुवांची अर्धी ख्याती तेवढ्यावर उभी आहे. शहरी, सुशिक्षित कबुतरही आहे: लाखो रुपयांचे स्टेम सेल (मूळपेशी). भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्ट्रोकसाठी ते मंजूर चाचणीबाहेर देता येत नाहीत. जाहिराती मात्र येत राहतात.

राहिला प्रश्न, सहा तास देणारे फिजिओथेरपिस्ट आणायचे कुठून? मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, पण प्रत्येक तालुक्याजवळ हाजी अली नाही. म्हणून घरच्यांनाच शिकवून पाहू, असा विचार भारतातल्या १४ रुग्णालयांनी 'अटेंड' चाचणीत केला. १२५० रुग्ण, मुला-सुनांना रुग्णालयातच प्रशिक्षण, मग घरी दोन महिन्यांपर्यंत सराव. निकाल २०१७ मध्ये आला: सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले, घरच्यांना प्रशिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत ४७ टक्के. फरक शून्य. घरच्यांची माया कमी पडली, असं मला वाटत नाही. घरात त्या हाताला करायला मिळालेलं काम आणि ४०० ते ६०० हा आकडा यांतलं अंतर बहुधा फार होतं.

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांपुढे १-०-१ असं काटेकोर लिहिलेलं असतं, जेवणाआधी की नंतर तेही. फिजिओथेरपीपुढे फक्त 'चालू ठेवणे'. कागद घेताना तिथेच विचारावं: कोणती हालचाल, दिवसातून किती वेळा, आणि ती जमली की पुढची कोणती. उत्तर त्याच कागदावर, त्याच पेनने लिहून घ्यावं.