पूल उभा आहे, मग बंद का?

“पूल तं मस्त उभा हाये गुरुजी, मंग बंद कायले केला?”

वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या नाल्यापाशी लोखंडी पाइपांची आडवी चौकट लागली, त्या दिवशी एका काकाजींनी मला हे विचारलं. हातात दवाखान्याची फाइल होती. सकाळची लालपरी आलीच नव्हती, ती आता लांबच्या फाट्यावरून फेऱ्याने जाणार होती. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण त्या वेळी त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. पुढचे काही महिने मी पुलाखाली उतरून पाहत राहिलो, कामावरच्या अभियंत्यांना विचारत राहिलो. काकाजींना द्यायचं राहून गेलेलं उत्तर इथे लिहितो आहे.

पुराचं पाणी ओसरायला लागलं की नदीत अनवाणी उभं राहून बघा. दोन मिनिटांत टाचेखालची रेती सरकते आणि पाय आत जातो. खांबाचंही असंच होतं. वरून येणारं पाणी खांबाला धडकतं, त्यातलं काही खाली वळतं आणि तळाशी भोवरा होऊन खांबाच्या दोन्ही बाजूंनी घोड्याच्या नालेसारखं फिरत जातं. हा भोवरा रेती उकरतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते ढकलू शकेल अशा दगडाचं वजन दुप्पट होत नाही, ६४ पट होतं. म्हणून वर्षभर पायाखालचा गोटा न हलवणारा नाला एका रात्रीत धोंडे वाहून नेतो.

खरी फसगत यानंतर होते. पूर ओसरताना पाणी मंदावतं आणि सोबत आणलेला गाळ त्याच खड्ड्यात टाकतं. दिवाळीनंतर कुणी जाऊन पाहिलं तर तळ सपाट दिसतो. पण खांबाला धरून ठेवणारी घट्ट जमीन तिथे उरलेली नसते. जागा भरलेली असते भुसभुशीत रेतीने, आणि ती पुढच्या पुरात सगळ्यात आधी निघून जाते. काकाजींना दिसत होता तो पूल खरोखर उभा होता. तो कशावर उभा आहे, ते मात्र वरून दिसत नव्हतं.

नदी किती खोल उकरेल, याचा अंदाज बांधायला आपल्याकडे अजूनही गेराल्ड लेसी या अभियंत्याचं सूत्र वापरतात. हिंदुस्थानातल्या कालव्यांच्या मोजमापांवरून त्याने ते मांडलं. पाणी किती आणि तळाची रेती किती जाड, यावरून पुराच्या पातळीखाली सरासरी किती खोलपर्यंत तळ खचेल ते निघतं. खांबापाशी ही खोली दुप्पट धरायची असा आपल्या पुलांच्या संहितेचा नियम आहे. सरासरी दहा फूट निघाली तर खांबाजवळ वीस फूट, आणि पाया त्याच्याही खाली. जुन्या पुलाचा पाया बांधला तेव्हा पुरेसा खोल असेलही. पण आजूबाजूच्या घाटांवरून रेतीचा उपसा होत राहिला की नदीचा तळच खाली जातो आणि वीस फूट पुरलेला पाया बारा फुटांवर येतो. रेतीचा ट्रक भरताना त्या पुलाचा विचार कुणाच्या मनात येत असेल असं मला वाटत नाही, आणि तो यायला हवा.

महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. त्यासोबत दोन एसटी बसगाड्या वाहून गेल्या. त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांच्या तपासण्या सुरू झाल्या. आपल्याकडे सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एसटी वाहून गेली, ती पुलावरून पाणी वाहत असताना. दोन्ही घटनांची कारणं वेगळी आहेत, पण आमच्या भागात पूल म्हटलं की या दोन्ही एकदमच आठवतात.

तपासणीची सुरुवात साध्या हातोडीने होते. बाजारात माठ घेताना आई तो बोटाने वाजवून घेते, टण् वाजला तर पक्का, बद्द वाजला तर तडा. स्लॅबच्या पोटाला हातोडी मारून अभियंताही असाच कान देतो. त्यानंतर काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडतात, माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या. चांगल्या काँक्रीटमधून त्या सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटर वेगाने जातात. वेग तीनच्या खाली आला तर आत पोकळी किंवा भेगा असल्याची शंका घ्यायची.

या भेगा येतात कुठून? ताजं काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि हा गुण कमी करतो. तो सळईपर्यंत पोचला आणि सोबत ओल मिळाली की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. पुलाच्या पोटातून खपल्या पडून सळया उघड्या दिसतात, त्यामागचं कारण हे. वरून नुसता गिलावा मारला तर आतला गंज तसाच राहतो. दोष झाकला गेला म्हणून पूल बरा होत नाही. खपली उकरून, सळई घासून, गरज असेल तिथे नवी जोडून मग काँक्रीट भरावं लागतं.

आता विदर्भाचं ऊन घ्या. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, पौषात पहाटे दहाच्या आसपास. काँक्रीट ४० अंशांनी तापलं तर ३० मीटरचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, साधारण १४ मिलिमीटर लांबतो. ही बोटभर हालचाल सामावून घ्यायला गाळ्यांमध्ये फट ठेवतात आणि गाळ्याखाली रबराची गादी असते, तिच्यात पोलादी पत्रे घातलेले असतात. फटीत माती आणि डांबर बसलं, गादी वाळून कडक झाली, की लांबायला जागा उरत नाही आणि तो जोर खांबाच्या माथ्यावर येतो. गादी बदलायची तर अख्खा गाळा जॅक लावून काही मिलिमीटर उचलावा लागतो. गाळा जॅकवर असताना त्यावरून बस जाऊ देणं शक्यच नाही.

शहरातला चौपदरी पूल अर्धा बंद करून अर्धा चालू ठेवतात. आमचा पूल एका वेळी एकच गाडी जाईल एवढाच रुंद, त्याचे अर्धे करायचे कसे? लोक विचारतात, ट्रक अडवा पण बस तरी जाऊ द्या. प्रवाशांसह बस पंधरा-सोळा टनांची, आणि कायद्याने दहा चाकी टिप्परला साडेअठ्ठावीस टनांपर्यंत मुभा आहे, म्हणजे हा विचार चुकीचा नाही. पण तोंडाशी लावलेली लोखंडी चौकट वजन मोजत नाही, उंची मोजते. कोळशाचा भरलेला टिप्पर आणि रिकामी बस तिला सारखेच. दोन्ही टोकांना दिवसरात्र माणूस उभा करून निवडून गाड्या सोडता आल्या असत्या. तसं कुणी केलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

पूल बंद झाल्याचा खरा फटका मात्र रस्त्यांच्या नकाशात आहे. १७३६ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं सोडवलं आणि त्यातून ठिपके आणि रेषांचं एक नवं गणित जन्माला आलं. गावं म्हणजे ठिपके, रस्ते म्हणजे रेषा. जी एक रेषा पुसली की नकाशाचे दोन तुकडे होतात, तिला या गणितात नावच ‘पूल’ आहे. शहराचा नकाशा जाळ्यासारखा असतो, एक रेषा पुसली तर चार गल्ल्यांतून वाट निघते. आमच्या तालुक्याचा नकाशा झाडासारखा. खोडातून फांदी, फांदीतून डहाळी, डहाळीच्या टोकाला गाव. फांदी जिथे खोडाला लागते तिथला पूल तुटला की तिच्यावरची सगळी गावं एकदम सुटतात. दूरची एखादी वाट असते, पण ती दुसऱ्या फांदीवरून.

समजा पुलावरून तालुका १२ किलोमीटर आणि फेऱ्याने ३४. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने लागतं, म्हणजे दोन टप्प्यांचे सहा टप्पे होतात. आता वेळ पाहा. आधी जायला अर्धा तास, यायला अर्धा तास, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं थांबा, म्हणजे ऐंशी मिनिटांत एक फेरी. आठ तासांत सहा फेऱ्या. फेऱ्याच्या वाटेने एका बाजूला ऐंशी मिनिटं लागली तर फेरी तीन तासांची, आणि आठ तासांत दोनच. अंतर तिपटीच्याही आत वाढलं, पण दिवसाच्या सहा गाड्यांच्या दोन झाल्या. पहिल्यासारख्या दर ऐंशी मिनिटांनी गाडी हवी असेल तर एकीच्या जागी तीन बस लागतील, आणि आगारात त्या उभ्या नसतात. मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकासच्या निळ्या गाडीलाही हेच गणित लागू आहे. आमच्या आठवी-नववीच्या मुली त्या हिवाळ्यात अंधार पडल्यावर घरी पोचत होत्या. काहींनी शेवटचा तास सोडून निघायला सुरुवात केली. त्यांना मी थांबा म्हणू शकलो नाही.

यावर एक उपाय जुना आहे आणि चांगला आहे. पायी जाणाऱ्यांचं वजन पूल सहज पेलतो असं तपासणीत ठरलं, तर अलीकडे एक गाडी आणि पलीकडे एक गाडी ठेवायची, मधला पूल लोकांनी चालत ओलांडायचा. तेव्हा वळणाचा खर्च आणि वेळ दोन्ही वाचतात. त्यासाठी फक्त पूल बंद करायच्या आधी बांधकामवाले, आगारवाले आणि शाळा एकत्र बसायला हव्यात. आमच्याकडे पूल आधी बंद झाला आणि वेळापत्रक तीन आठवड्यांनी आलं.

नाल्यात सिमेंटच्या नळ्या टाकून, वर मुरूम पसरून तात्पुरता रपटाही करतात. उन्हाळ्यात तो चालतो. पण आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की हातभर भेगाळते, आणि तिच्यावरचा मुरूम पहिल्याच पावसात चिखलात बसतो. पुलाच्या दोन्ही टोकांना गाडीला कायम गचका बसतो तोही हिच्यामुळेच. खांब खडकावर स्थिर, पोचमार्ग मातीवर वर-खाली होणारा.

म्हणजे काम करायला मिळतो तो काळ दिवाळीपासून मृगापर्यंतचा. कागद हलायला त्यातले निम्मे महिने गेले, तर स्लॅब टाकायची वेळ नेमकी मे महिन्यात येते. हवा ४० अंशांच्या वर गेली की काँक्रीटमधलं पाणी घट्ट होण्याआधीच उडतं आणि वरच्या थराला तडे जातात. म्हणून रात्री काम करतात, खडी भिजवून थंड ठेवतात, स्लॅबवर ओली पोती अंथरतात. सात दिवसांत काँक्रीट ठरलेल्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत पोचतं, पूर्ण ताकद अठ्ठावीस दिवसांनी धरतात.

आमच्या पुलाच्या मधल्या गाळ्याचा स्लॅब ६ मेच्या रात्री पडला. तिथून अठ्ठावीस दिवस मोजले की ३ जून येतो, आणि ७ जूनच्या आसपास मृग लागतो. मी हे बोटांवर मोजून दाखवल्यापासून काकाजी रोज सकाळी पुलापर्यंत चालत जातात आणि पोती ओली आहेत का ते हात लावून बघून येतात.