भाकर देवाची, मग भूक कोणाची?

आत्म्याचे पोषण माणसाच्या स्वतःच्या बळावर होत नाही, ते देवाकडून येते, ही ख्रिस्ती धर्मातील मूलभूत शिकवण आहे. मात्र ते पोषण स्वीकारण्यात माणसाचा वाटा किती, यावर मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) शतकानुशतके वाद झाला. या शिकवणीचे मूळ यहुदी शास्त्रात सापडते. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात अरण्यातील इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेले अन्न, मिळतो, तो माणशी एक ओमर (एक जुने माप) आणि त्या दिवसापुरताच. ज्यांनी तो सकाळपर्यंत राखून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. केवळ शब्बाथाच्या आदल्या दिवशी घेतलेला दुप्पट वाटा टिकत असे. पुढे ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात याचा अर्थ उलगडला आहे: मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही, हे कळावे म्हणून देवाने त्यांना उपाशी ठेवले आणि मग मान्ना खाऊ घातला. भूकही त्यानेच लावली, हा तपशील वाचताना सहसा निसटतो, पण नंतरचा सारा वाद त्याच्याचभोवती फिरला.

येशूने अरण्यातील परीक्षेच्या वेळी हेच वचन उच्चारले, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात मान्न्याचा दाखला देणाऱ्या लोकांना ‘जीवनाची भाकर मी आहे’ असे सांगितले. प्रभूच्या प्रार्थनेतील ‘रोजच्या’ भाकरीसाठीचा ग्रीक शब्द इतका दुर्मीळ आहे की बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याने तोच शब्द लूकमध्ये ‘दररोजची’ असा, तर मत्तयात ‘भौतिकापलीकडची’ अशा अर्थाने दिला.

खरी ठिणगी पडली ती उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनच्या एका प्रार्थनेमुळे. ‘तू जी आज्ञा देतोस ती पाळण्याचे बळ दे, आणि मग हवी ती आज्ञा कर,’ हे त्याच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनातील वाक्य रोममध्ये कोणीतरी उद्धृत केले, तेव्हा ब्रिटनहून आलेला तपस्वी पेलाजियस ते ऐकून संतापला. सर्व काही देवावर सोपवले तर माणूस नीतीत ढिला पडेल, ही त्याची भीती मुळीच उथळ नव्हती. तरीही इच्छाशक्तीच्या बळावर पापमुक्त जगता येते, ही त्याची भूमिका ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने फेटाळली. ४३१ च्या एफेससच्या परिषदेनेही त्याच्या अनुयायांना दोषी ठरवले.

वाद मात्र मिटला नाही, तो अधिक सूक्ष्म झाला. दक्षिण गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) मठवासी, विशेषतः जॉन कॅसियन, कृपेची, म्हणजे देवाच्या विनामूल्य साहाय्याची, गरज पूर्णपणे मानत. परंतु देवाकडे वळण्याची पहिली ओढ कधीकधी माणसाच्या मनातूनही उठू शकते, असे त्यांना वाटे. आर्लचा बिशप सेझेरियस याच्या पुढाकाराने ५२९ मध्ये भरलेल्या ऑरेंजच्या परिषदेने तेही नाकारले: विश्वासाचा आरंभ आणि प्रार्थना करण्याची इच्छा हीसुद्धा कृपेचीच देणगी होय.

१६व्या शतकात हाच प्रश्न पुन्हा पेटला. १५२४ मध्ये डच विद्वान इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली आणि पुढच्याच वर्षी धर्मसुधारक लूथरने ती कठोरपणे खोडून काढली. रोमन कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये कृपेला अग्रस्थान दिले, पण देवाने जागवलेली इच्छा त्याला होकार देऊन सहकार्य करते, हेही नमूद केले. पौर्वात्य (ऑर्थोडॉक्स) मंडळीला हा झगडा या स्वरूपात कधीच नडला नाही; तेथे देव आणि माणूस यांच्या सहकार्याचीच भाषा रूढ राहिली, आणि पश्चिमेत संशयाने पाहिला गेलेला कॅसियन तेथे संत म्हणून पूजनीय आहे. त्याचा स्मृतिदिन २९ फेब्रुवारीला येतो.