कोलोरॅडो पठारावरील पायी भ्रमंती

कोलोरॅडो पठार : अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील युटा, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या राज्यांत पसरलेला उंच, कोरडा प्रदेश. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असल्याने येथील वालुकाश्म तांबडा दिसतो. युटातील झायन, ब्राइस कॅन्यन, आर्चेस, कॅन्यनलँड्स व कॅपिटल रीफ ही पाच राष्ट्रीय उद्याने आणि ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यन याच पठारावर आहेत.

येथील वाट निवडताना केवळ किलोमीटर पाहणे फसवे ठरते. आर्चेसमधील ‘डेलिकेट आर्च’ या प्रसिद्ध कमानीपर्यंतची वाट जाऊन-येऊन सुमारे ५ किमी आणि चढ जेमतेम १५० मी. एवढ्यात सह्याद्रीतल्या भटक्याची साधी दमछाकही व्हायची नाही. पण ही वाट उघड्या कातळावरून जाते, तिच्यावर सावली जवळपास नाही आणि पाणी तर नाहीच. जुलैत येथे पारा ३८° सेल्सिअसच्या वर जातो, शिवाय कातळ तापून खालूनही भाजतो. म्हणून वसंत आणि शरद हे हिंडण्याचे खरे हंगाम. उन्हाळ्यातच जायचे झाल्यास पहाटे निघून दहाच्या आत परतावे. ग्रँड कॅन्यनमध्ये तर सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात चालूच नये, असे उद्यान प्रशासन बजावते. ब्राइसचा कडा मात्र २,४०० ते २,७०० मी. उंचीवर असल्याने तेथे हवा गार असते, हिवाळ्यात बर्फ साचते आणि विरळ हवेमुळे धापही लवकर लागते.

ब्राइस आणि ग्रँड कॅन्यनमध्ये चालणे किल्ल्याच्या उलट असते. आधी उतार, मग चढ. ताज्या दमाने माणूस भराभर खाली जातो आणि थकल्यावर, ऐन उन्हात, चढ समोर येतो. उतरायला लागलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ चढायला धरावा. त्यामुळे निम्मे पाणी संपेपर्यंत खाली जात राहणे चुकीचे. एक तृतीयांश संपताच पाठ फिरवावी.

दिवसभराच्या चालीसाठी माणशी सुमारे ४ लिटर पाणी सोबत लागते. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, सदरा ओला होत नाही, त्यामुळे अंगातले किती पाणी गेले हे कळतच नाही. कोकणातल्या दमट उन्हाची सवय असलेल्याला हे विशेष चकवते. उलट, काही न खाता नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते. मळमळ, डोकेदुखी, बरळणे ही त्याची लक्षणे उन्हाच्या तडाख्यासारखीच असल्याने माणसाला आणखी पाणी पाजले जाते आणि तो अधिकच बिघडतो. खारे दाणे, चिवडा असे काहीतरी पिशवीत हवेच.

पाण्याचा दुसरा धोका अचानक येणाऱ्या लोंढ्याचा. जुलै ते सप्टेंबर या काळात येथे वादळी पाऊस पडतो. उघडा कातळ पाणी मुरू देत नाही, आणि मैलोन्‌मैल दूर पडलेला पाऊस अरुंद घळींत एकवटतो. डोक्यावरचे निरभ्र आकाश त्यामुळे काहीच सांगत नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील अँटिलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात ११ पर्यटक दगावले. पाऊस प्रवाहाच्या वरच्या अंगाला, दूरवर पडला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनमधील कीहोल कॅन्यनमध्ये सात जण गेले. घळीत शिरण्यापूर्वी हवामान खात्याचा त्या दिवसाचा लोंढ्याचा अंदाज पाहावा. आत असताना पाणी गढूळ झाले, काटक्या वाहत आल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडून उंच जागा गाठावी. प्रवेशद्वाराकडे धावण्याइतका वेळ बहुधा नसतो.

कातळावर पायवाट उमटत नाही. रस्ता दाखवतात त्या दगडांच्या लगोऱ्या. हौसेने नव्या रचल्या की मागून येणारा भरकटतो. कातळ चढायला सोपा वाटला तरी उतरताना तोच अवघड जातो, म्हणून उतरता येईल तेवढेच चढावे. वाट सोडून मातीवर तर उतरूच नये. तिच्यावरची काळपट, खडबडीत साय म्हणजे सायनोबॅक्टेरिया हे सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफूल यांचे बनलेले जिवंत कवच असते. तीच माती धरून ठेवते, आणि एका पावलाने मोडलेली भरून यायला कित्येक वर्षे लागतात.

बऱ्याच भागांत मोबाइलला रेंज नसते. ॲरन राल्स्टन हा अनुभवी गिर्यारोहक एप्रिल २००३ मध्ये युटातील ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एकटाच गेला. निसटलेल्या धोंड्याखाली त्याचा हात अडकला. कुठे जातोय हे त्याने कुणालाच सांगितले नव्हते, त्यामुळे त्याला कुठे शोधायचे हे कुणाला ठाऊक नव्हते. पाच दिवसांहून अधिक काळानंतर स्वतःचा हात कापून तो सुटला. वाट, परतीची वेळ आणि त्या वेळेपर्यंत न आल्यास कोणाला फोन करायचा, एवढे घरी लिहून ठेवायला पाच मिनिटे लागतात.

परवान्यांचे पाहणे तिकिटे काढण्याआधी उरकावे. झायनमधील ‘एंजल्स लँडिंग’ या साखळदंडांच्या वाटेसाठी एप्रिल २०२२ पासून सोडतीने परवाना मिळतो. आर्चेसमधील ‘फायरी फर्नेस’ या कातळांच्या भुलभुलैयालाही परवाना लागतो. अँटिलोप कॅन्यन नावाहो राष्ट्राच्या, म्हणजे नावाहो या मूळनिवासी जमातीच्या स्वशासित प्रदेशाच्या, भूमीवर असून तेथे वाटाड्याखेरीज प्रवेश नाही. तेथे जाणाऱ्याने घड्याळही तपासावे. उन्हाळ्यात नावाहो भूमीवर घड्याळे एक तास पुढे करतात, ॲरिझोनाचा बाकी भाग करत नाही. आणि सीमेजवळ मोबाइल कधी एक वेळ दाखवतो, कधी दुसरी. आरक्षण कोणत्या वेळेनुसार आहे हे आधीच विचारून घ्यावे.