एक्सएसएलटी फंक्शनमधली टाइपची घोषणा आणि तपासणी

एक्सएमएल फाइलचं (टॅग लावून लिहिलेल्या माहितीचं) रूप बदलायला एक्सएसएलटी ही भाषा वापरतात. या भाषेतल्या स्टाइलशीटमध्ये, म्हणजे प्रोग्राममध्ये, आपण स्वतः लिहिलेल्या फंक्शनला कुठल्या प्रकारची व्हॅल्यू द्यायची आणि त्यातून कुठल्या प्रकारची परत यायची हे आधीच लिहून ठेवणं म्हणजे टाइपची घोषणा. ती ‘अ‍ॅज’ या अ‍ॅट्रिब्यूटने करतात, पॅरामीटरवर (फंक्शनला द्यायच्या व्हॅल्यूवर) वेगळी नि फंक्शनवर वेगळी. लिहिलीच नाही तर प्रोसेसर (स्टाइलशीट चालवणारा प्रोग्राम) ‘काहीही, कितीही’ असं धरून चालतो. फंक्शनच्या नावाला सहसा प्रीफिक्स (दोन ठिपक्यांच्या आधीचा शब्द) लागतो, पण नाव देवनागरीत असलं तरी चालतं, म्हणजे ‘आंबा:रक्कम’ हे रीतसर नाव झालं.

हे आलं कुठून ते दोन तऱ्हेने सांगतात. १.० आवृत्तीत (१६ नोव्हेंबर १९९९, संपादक जेम्स क्लार्क) स्ट्रिंग, नंबर, बूलियन, नोड-सेट आणि रिझल्ट ट्री फ्रॅगमेंट एवढेच प्रकार होते, घोषणा नव्हती आणि स्वतःचं फंक्शन लिहायचीही सोय नव्हती. १.१ चा मसुदा २००१ मध्ये सोडूनच दिला. एक बाजू म्हणते की वापरणाऱ्यांनीच ही वाट पाडली, कारण साधारण त्याच सुमारास ईएक्सएसएलटी या जोडसंचात फंक्शन लिहायची सोय आली होती. दुसरी बाजू एक्सएमएल स्कीमाकडे (एक्सएमएलमधल्या माहितीचे प्रकार ठरवणारं मानक, २ मे २००१) आणि एक्सपाथ २.० (एक्सएसएलटीतली फाइलमधले भाग निवडायची भाषा) जिच्यासोबत घडला त्या एक्सक्वेरी या शोधभाषेकडे बोट दाखवते. फंक्शन पहिल्या वाटेने आलं आणि टाइप दुसऱ्या, असं मानणं जास्त पटतं, कारण ईएक्सएसएलटीच्या फंक्शनमध्ये टाइप लिहायला जागाच नव्हती आणि एक्सएसएलटी २.० मधले (२३ जानेवारी २००७, संपादक मायकेल के) डेसिमल, इंटिजर, डेट हे प्रकार सरळ स्कीमातले आहेत.

खरी गोम रूपांतराच्या नियमात आहे. स्कीमाने न तपासलेल्या फाइलमधली व्हॅल्यू ‘अनटाइप्ड अ‍ॅटॉमिक’, म्हणजे अजून प्रकार न ठरलेली, असते. पॅरामीटरवर डेसिमल (दशांश संख्या) लिहिलं की ती आपोआप डेसिमल होते, पण आधीच स्ट्रिंग (नुसती अक्षरं) झालेली व्हॅल्यू होत नाही, तिथे टाइप एरर येतो. देवगडच्या एखाद्या बागायतदाराची हापूसची यादी घ्या, पेट्यांचे आकडे देवनागरीत, एका ओळीत ९ आणि दुसरीत १०. टाइप न लावता ‘९ मोठे का १० पेक्षा’ विचारलं तर २.० मध्ये उत्तर ‘हो’ येतं, कारण दोन्ही अनटाइप्ड असले की अक्षरं म्हणून तुलना होते, आणि १.० मध्ये उत्तर ‘नाही’ येतं पण उलटं विचारलं तरी ‘नाही’च, कारण देवनागरी आकडा तिथे नंबर होतच नाही. डेसिमल लावलं तरी थेट रूपांतर फसतं, त्याला इंग्रजी आकडेच चालतात. गंमत म्हणजे रेग्युलर एक्सप्रेशनमधलं ‘डी’ चिन्ह देवनागरी आकड्यालाही आकडा मानतं, म्हणजे ‘मॅचेस’ (नमुन्याशी जुळतं का) पास आणि ‘कास्टेबल’ (त्या प्रकारात बदलता येईल का) नापास, त्यामुळे तपासणी कास्टेबलनेच करावी. मग ट्रान्सलेट फंक्शनने आकडे बदलायचे, पण त्याचा निकाल स्ट्रिंग असतो, तो तसाच डेसिमलच्या पॅरामीटरला दिला की पुन्हा एरर, म्हणून बाहेरून डेसिमलचा कन्स्ट्रक्टर (त्या प्रकारात बदलून देणारं फंक्शन) लावावाच लागतो. नवशिके इथेच अडकतात आणि शेवटी घोषणाच काढून टाकतात, ते मात्र करू नये.

एखाद्या पेटीच्या दराचा टॅगच फाइलमध्ये नसेल तर व्हॅल्यू येतच नाही, आणि नुसतं डेसिमल लिहिलेलं असेल तर एरर. चालवून घ्यायचं असेल तर पुढे प्रश्नचिन्ह लावायचं. तारका म्हणजे शून्य किंवा कितीही, अधिक म्हणजे निदान एक. पैशांसाठी डेसिमल बरं, कारण अनटाइप्डवर गणित केलं की ते डबलमध्ये (दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) होतं आणि पैशांचा हिशोब किंचित सरकू शकतो.

एरर चालवायच्या आधी द्यायचा की चालवताना हे प्रोसेसरवर सोडलंय. जुळणं शक्यच नाही असं दिसलं तर सॅक्सन हा प्रोसेसर आधीच सांगतो, शंका असेल तर चालताना बघतो. निकाल जुळला नाही तर कोड एक्सटीटीई०७८०, पॅरामीटर जुळला नाही तर ०७९०.

३.० पासून (८ जून २०१७) मॅपचा (नाव-व्हॅल्यूच्या जोड्यांच्या संचाचा) आणि फंक्शनचाही टाइप लिहिता येतो. लिबएक्सएसएलटी हा प्रोसेसर १.० वरच असल्याने तिथे ‘अ‍ॅज’चा उपयोग नाही, नंबर झालाय का ते नंबर फंक्शनमधून काढलेली व्हॅल्यू स्वतःशीच बरोबर आहे का असं विचारून बघायचं, कारण ‘नॉट अ नंबर’ स्वतःशीही बरोबर नसतो.